संस्थापकानंतरची ॲपल

स्टीव्ह जॉब्स यांनी २४ ऑगस्ट २०११ रोजी ॲपल कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकारीपदाचा राजीनामा दिला आणि त्यानंतर सहाच आठवड्यांनी, ५ ऑक्टोबर रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी कॅलिफोर्नियात त्यांचे निधन झाले. स्वादुपिंडाच्या एका दुर्मिळ प्रकारच्या कर्करोगाशी ते आठ वर्षे झुंजत होते. त्या दिवसांत शेअर बाजारापासून महाविद्यालयांच्या कट्ट्यांपर्यंत एकच प्रश्न विचारला जात होता : जॉब्स यांच्याविना ॲपलचे काय होणार?

आकड्यांनी या प्रश्नाला दिलेले उत्तर निःसंदिग्ध आहे. सप्टेंबर २०११ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात ॲपलची विक्री १०८ अब्ज डॉलर आणि निव्वळ नफा सुमारे २६ अब्ज डॉलर होता. २०२५ च्या आर्थिक वर्षात विक्री ४१६ अब्ज आणि नफा ११२ अब्ज डॉलरवर गेला. तरीही केवळ आकड्यांवर विसंबून निकाल देणे धोक्याचे आहे, आणि त्याचा पुरावा ॲपलच्याच इतिहासात सापडतो. या कंपनीने आपला संस्थापक एकदा नव्हे, दोनदा गमावला. पहिल्या खेपेसही विक्री वाढतच होती. कंपनी आतून पोखरली गेल्याचे कळायला दहा वर्षे लागली.

भीती कशाची होती?

२०११ मध्ये व्यक्त होणारी शंका निराधार नव्हती. जॉब्स यांना ज्या दोन कंपन्यांविषयी विशेष आदर होता, त्या दोन्ही कंपन्यांची संस्थापकानंतरची कहाणी सुखाची नव्हती.

पहिली पोलरॉइड. एडविन लँड यांनी १९३७ मध्ये स्थापन केलेल्या या कंपनीने छायाचित्र काढताच हाती देणारा कॅमेरा १९४८ मध्ये बाजारात आणला. पुढे १९७७ मध्ये ‘पोलाव्हिजन’ ही झटपट चित्रफितीची योजना सपशेल फसली आणि लँड यांना कंपनीतील आपले स्थान सोडावे लागले. १९८० मध्ये त्यांनी मुख्य कार्यकारी अधिकारीपद सोडले, १९८२ मध्ये ते कंपनीतूनच बाहेर पडले. फिल्म विकून मिळणारा नफा त्यानंतरही येत राहिला. या नफ्याच्या सवयीमुळेच डिजिटल छायाचित्रणाकडे मनापासून वळणे कंपनीला जमले नाही. ऑक्टोबर २००१ मध्ये पोलरॉइडने दिवाळखोरी जाहीर केली.

दुसरी सोनी. मासारू इबुका आणि अकिओ मोरिता यांनी १९४६ मध्ये टोकियोत उभारलेल्या या कंपनीने १९७९ मध्ये ‘वॉकमन’ आणून संगीत माणसाच्या खिशात नेले. नोव्हेंबर १९९३ मध्ये मोरिता यांना पक्षाघाताचा झटका आला आणि ते कारभारातून दूर झाले. त्यानंतर डिजिटल संगीताचे युग आले. खिशात मावणारे यंत्र करण्याचे कसब सोनीकडे होतेच. शिवाय १९८८ मध्ये विकत घेतलेली सीबीएस रेकॉर्ड्स ही संगीत कंपनीही हाताशी होती. पण गाण्यांच्या नकला होतील ही संगीत विभागाची धास्ती आणि ग्राहकाला सोपे यंत्र देण्याची यंत्र विभागाची गरज, यांतून एक वाट काढणारा अधिकारी माणूस उरला नव्हता. वॉकमनचा वारस सोनीच्या नव्हे, तर ॲपलच्या घरी २००१ मध्ये ‘आयपॉड’ या नावाने जन्मला. सोनी पुढे खेळयंत्रे, चित्रपट आणि कॅमेऱ्यांचे सेन्सर यांच्या बळावर सावरली, परंतु ती संधी पुन्हा आली नाही.

पहिला वियोग : १९८५ ते १९९७

१ एप्रिल १९७६ रोजी स्टीव्ह जॉब्स, स्टीव्ह वॉझ्नियाक आणि रोनाल्ड वेन यांनी ॲपलची स्थापना केली. ‘ॲपल टू’ या संगणकाने कंपनीला पैसा दिला, तर जानेवारी १९८४ मध्ये आलेल्या ‘मॅकिंटॉश’ने तिला कीर्ती दिली. कारभार सांभाळण्यासाठी १९८३ मध्ये पेप्सी कंपनीतून जॉन स्कली यांना आणण्यात आले होते. मॅकिंटॉशची विक्री अपेक्षेइतकी होईना, तेव्हा दोघांत खटके उडू लागले. मे १९८५ मध्ये संचालक मंडळाने स्कली यांची बाजू घेतली आणि सप्टेंबरमध्ये जॉब्स कंपनी सोडून गेले.

त्यानंतरची काही वर्षे पाहणाऱ्याला स्कली यांचाच निर्णय योग्य वाटला असता. लेझर प्रिंटर आणि पेजमेकर या प्रणालीच्या जोडीने मॅकिंटॉश छपाईच्या व्यवसायात शिरला. १९९१ मध्ये आलेल्या ‘पॉवरबुक’ या लॅपटॉपने चांगले नाव कमावले. १९८५ मध्ये सुमारे दोन अब्ज डॉलर असलेली विक्री १९९३ पर्यंत आठ अब्जांच्या घरात गेली.

मात्र ही वाढ मुख्यतः मॅकिंटॉशच्या पुण्याईवर झालेली होती. नफ्याचे प्रमाण टिकवण्यासाठी किमती चढ्या ठेवल्या गेल्या. एकाच यंत्राची इतकी मॉडेले निघाली की कोणते घ्यावे हे ग्राहकाला उमगेना. १९९३ मधील ‘न्यूटन’ हा हातात मावणारा संगणक काळाच्या पुढचा असला, तरी हस्ताक्षर ओळखण्यातील चुकांमुळे थट्टेचा विषय झाला. दरम्यान मायक्रोसॉफ्टच्या ‘विंडोज’ने मॅकिंटॉशचे वेगळेपण झाकोळून टाकले. स्कली यांच्यानंतर मायकेल स्पिंडलर आणि गिल अमेलिओ असे दोन प्रमुख आले. १९९५ पासून ॲपलची प्रणाली इतर उत्पादकांना वापरू देण्याचा प्रयोग झाला, तोही अंगाशी आला. नवी संगणक प्रणाली घडवण्याचा ‘कोपलँड’ हा प्रकल्प १९९६ मध्ये गुंडाळावा लागला. १९९६ आणि १९९७ या दोन आर्थिक वर्षांत मिळून कंपनीला सुमारे १.८ अब्ज डॉलरचा तोटा झाला.

अखेर बाहेर पडलेल्या संस्थापकाकडेच कंपनीला यावे लागले. डिसेंबर १९९६ मध्ये जॉब्स यांची ‘नेक्स्ट’ ही कंपनी सुमारे ४० कोटी डॉलरना विकत घेण्याचे अमेलिओ यांनी जाहीर केले. आजच्या मॅक संगणकांची आणि आयफोनची प्रणाली याच नेक्स्टच्या पायावर उभी आहे. संस्थापक गेला तेव्हा कंपनीची पुढची वीस वर्षेही त्याच्यासोबत बाहेर गेली होती, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

परतल्यावर काय बदलले?

१९९७ मध्ये परतलेल्या जॉब्स यांनी पहिले काम केले ते छाटणीचे. बहुतेक मॉडेले बंद झाली. घरगुती आणि व्यावसायिक ग्राहक, त्या प्रत्येकासाठी एक टेबलावरचा आणि एक सोबत नेण्याचा संगणक, अशा चार चौकोनांत सारी उत्पादने बसवण्यात आली. न्यूटन बंद झाला, इतर उत्पादकांशी केलेले करार संपवण्यात आले. त्यानंतर १९९८ मध्ये आयमॅक, २००१ मध्ये आयपॉड, २००७ मध्ये आयफोन आणि २०१० मध्ये आयपॅड ही यंत्रे आली. ही मालिका सर्वपरिचित आहे.

संस्थापकाच्या पश्चात काय झाले हे समजण्यासाठी मात्र यंत्रांपेक्षा संस्थेची बांधणी अधिक महत्त्वाची आहे. बहुतेक मोठ्या कंपन्यांत प्रत्येक उत्पादनाचा स्वतंत्र विभाग आणि त्याचा स्वतंत्र नफा-तोटा असतो. ॲपलमध्ये जॉब्स यांनी ही पद्धत मोडीत काढली. यंत्ररचना, प्रणाली, विक्री, डिझाइन असे कामानुसार विभाग करण्यात आले आणि नफा-तोटा साऱ्या कंपनीचा एकच ठेवण्यात आला. संगीत विभाग एकीकडे आणि यंत्र विभाग दुसरीकडे खेचतो, ही सोनीतील परिस्थिती त्यामुळे येथे निर्माण होऊ शकली नाही. २००५ मध्ये ‘आयपॉड मिनी’ जोरात खपत असतानाच तो बंद करून ‘नॅनो’ आणला गेला. पुढे आयफोनने तर आयपॉडचीच गरज संपवली. आपलेच चालते दुकान आपणच मोडण्याची ही तयारी पोलरॉइडला दाखवता आली नव्हती.

२००८ मध्ये दोन दूरगामी निर्णय झाले. पहिला ‘ॲपल युनिव्हर्सिटी’चा. येल विद्यापीठाच्या व्यवस्थापन विद्याशाखेचे प्रमुख जोएल पोडोल्नी यांना बोलावून कंपनीतील अधिकाऱ्यांना कंपनीचेच निर्णय अभ्यासायला लावणारी ही अंतर्गत शाळा सुरू करण्यात आली. दुसरा निर्णय पी. ए. सेमी ही चिप घडवणारी छोटी कंपनी विकत घेण्याचा. त्याची फळे जॉब्स यांच्या पश्चात मिळायची होती.

वारसदाराची निवड

पहिल्या वियोगात कंपनी बाहेरून आलेल्या व्यवस्थापकाच्या हाती गेली होती. दुसऱ्या वेळी वारसदार घरातलाच होता. टिम कुक यांचा जन्म १९६० मध्ये अमेरिकेतील अलाबामा राज्यात झाला. औद्योगिक अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन त्यांनी आयबीएममध्ये बारा वर्षे काढली आणि कॉम्पॅकमधून मार्च १९९८ मध्ये ते ॲपलमध्ये आले. त्यांनी कंपनीचे स्वतःचे कारखाने व गोदामे कमी करून उत्पादन कंत्राटदारांकडे सोपवले आणि महिनोन्महिने पडून राहणारा साठा काही दिवसांवर आणला. इलेक्ट्रॉनिक मालाचा व्यवसाय दुधाच्या धंद्यासारखा चालवावा, माल शिळा झाला की अडचण झालीच, असे ते सांगत. आयपॉड नॅनोसाठी २००५ मध्ये पाच उत्पादकांना आगाऊ १.२५ अब्ज डॉलर देऊन मेमरी चिपचा पुरवठा बांधून घेण्यात आला, तो याच शिस्तीचा भाग होता.

शिवाय २००४, २००९ आणि २०११ अशा तिन्ही वेळी जॉब्स आजारपणाच्या रजेवर गेले असता दैनंदिन कारभार कुक यांनीच पाहिला होता. म्हणजे राज्याभिषेकापूर्वी त्यांनी तीनदा राज्य चालवून दाखवले होते. कुक कल्पक यंत्रनिर्माते नव्हते आणि तसा आव त्यांनी आणला नाही. ‘मी असतो तर काय केले असते, असे विचारू नका, योग्य असेल ते करा’ या आशयाचा सल्ला जॉब्स यांनी अखेरच्या काळात दिला होता, असे कुक यांनी ऑक्टोबर २०११ मधील स्मृतिसभेत सांगितले. वॉल्ट डिस्ने यांच्या मृत्यूनंतर त्यांची कंपनी नेमक्या याच प्रश्नात अडकून पडल्याचे जॉब्स यांनी पाहिले होते.

कसोटीची पहिली वर्षे

प्रारंभीचा काळ सोपा गेला नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये ॲपलने गुगलचे नकाशे वगळून स्वतःचे नकाशे आणले. त्यांत गावे भलत्याच ठिकाणी आणि पूल वितळल्यासारखे दिसू लागले. कुक यांनी जाहीर पत्र लिहून ग्राहकांची माफी मागितली आणि सुधारणा होईपर्यंत प्रतिस्पर्ध्यांचे नकाशे वापरण्यास सुचवले. महिन्याभरात आयफोनच्या प्रणालीचे प्रमुख आणि जॉब्स यांच्या विश्वासातले स्कॉट फोर्स्टॉल यांच्या गच्छंतीची घोषणा झाली.

त्याच सुमारास समभागाचा भाव सुमारे ७०० डॉलरवरून घसरू लागला आणि एप्रिल २०१३ मध्ये तो ४०० डॉलरच्याही खाली आला. ॲपलची कल्पकता आटली, असे निदान करणाऱ्या लेखांचा तेव्हा सुकाळ होता. कुक यांनी काही बाबतींत संस्थापकाच्या मतांविरुद्ध जाणेही पसंत केले. जॉब्स यांनी रोकड साठवून ठेवली होती. कुक यांनी १९९५ नंतर प्रथमच २०१२ मध्ये लाभांश सुरू केला आणि समभागांची फेरखरेदी हाती घेतली. जॉब्स यांनी मोठ्या पडद्याच्या फोनची टिंगल केली होती. २०१४ मध्ये मोठा आयफोन ६ आला आणि तुफान खपला. बोटे असताना लेखणी हवी कशाला, असे जॉब्स यांनी २००७ मध्ये विचारले होते. २०१५ मध्ये आयपॅडसाठी ‘ॲपल पेन्सिल’ आली.

भरभराटीचे गणित

२०१५ मध्ये मनगटावरचे ‘ॲपल वॉच’ आणि २०१६ च्या अखेरीस बिनतारी ‘एअरपॉड्स’ बाजारात आले. दोन्ही यशस्वी झाली, परंतु दोन्ही यंत्रे आयफोनच्या भोवती फिरणारी आहेत. दुसरा आधार सेवांचा. ॲप स्टोअरमधील कमिशन, संगीत व चित्रपटांची वर्गणी, आयक्लाउडवरील साठवण आणि शोधयंत्र म्हणून गुगलला अग्रस्थान देण्याबद्दल मिळणारी रक्कम, हे सारे त्यात येते. गुगलने यासाठी एकट्या २०२२ या वर्षात २० अब्ज डॉलर दिल्याचे अमेरिकेतील खटल्यात उघड झाले. २०२५ च्या आर्थिक वर्षात सेवांचे उत्पन्न १०९ अब्ज डॉलर झाले. जॉब्स यांच्या अखेरच्या वर्षातील साऱ्या कंपनीच्या विक्रीएवढा हा आकडा आहे.

तंत्रज्ञानाच्या दृष्टीने सर्वांत मोठे यश चिपचे. नोव्हेंबर २०२० मध्ये ‘एम१’ ही स्वतः आखलेली चिप मॅक संगणकांत बसवून ॲपलने इंटेलवरील अवलंबित्व संपवण्यास आरंभ केला. कमी वीज वापरून अधिक वेग देणाऱ्या या चिपचे बीज २००८ मधील पी. ए. सेमीच्या खरेदीत होते. कंपनीचे बाजारमूल्य २०१८ मध्ये एक लाख कोटी, २०२० मध्ये दोन लाख कोटी, तर २०२५ मध्ये चार लाख कोटी डॉलरवर पोचले.

या भरभराटीची किंमतही आहे. कुक यांनी उभारलेली पुरवठा साखळी चीनमध्ये एकवटली. तेथील मंदावलेल्या मागणीमुळे जानेवारी २०१९ मध्ये विक्रीचा अंदाज खाली आणण्याची नामुष्की आली, तर अमेरिका-चीन व्यापारयुद्धाने ही साखळी अडचणीत आणली. भारताकडे ॲपलचे लक्ष वळण्याचे हे एक प्रमुख कारण. २०१७ मध्ये बंगळुरूत आयफोनची जुळणी सुरू झाली, पुढे तामिळनाडूत ती विस्तारली. एप्रिल ते जून २०२५ या तिमाहीत अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनपैकी बहुसंख्य भारतात बनलेले असतील, असे कुक यांनी सांगितले. ग्राहक म्हणूनही भारत महत्त्वाचा ठरला. कंपनीचे देशातील पहिले दालन १८ एप्रिल २०२३ रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात कुक यांच्या उपस्थितीत उघडले. उद्घाटनापूर्वी त्याच्या दर्शनी भागावर केलेल्या सजावटीची प्रेरणा मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीवरून घेतली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये पुण्याच्या कोरेगाव पार्कातही दालन सुरू झाले.

रिकामी राहिलेली जागा

मग संस्थापकाची उणीव भासली कुठे? आयफोनइतके जग बदलणारे नवे यंत्र २०११ नंतर ॲपलकडून आले नाही. २०२५ मध्येही निम्मी विक्री २००७ च्या त्याच यंत्राची होती. मोटारीच्या प्रकल्पावर कंपनीने सुमारे दहा वर्षे काम केल्याचे सांगितले जाते; अधिकृतपणे कधीही जाहीर न झालेला हा प्रकल्प फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद झाल्याच्या बातम्या आल्या. त्याच महिन्यात विक्रीस आलेला ‘व्हिजन प्रो’ हा डोळ्यांवर लावायचा संगणक तांत्रिकदृष्ट्या थक्क करणारा असला, तरी ३,४९९ डॉलर ही किंमत सामान्य ग्राहकाच्या आवाक्यातली नव्हती. जॉब्स यांचे डिझाइनमधील उजवे हात जॉनी आइव्ह २०१९ मध्ये कंपनीतून बाहेर पडले. पुढे त्यांची नवी कंपनी २०२५ मध्ये ओपन एआयने घेतली.

सर्वांत बोलके उदाहरण ‘सिरी’चे आहे. बोललेले ऐकून उत्तर देणारी ही साहाय्यिका जॉब्स यांच्या मृत्यूच्या आदल्या दिवशी, ४ ऑक्टोबर २०११ रोजी, आयफोन ४एससोबत सादर झाली. संगणकाशी बोलण्याच्या शर्यतीत ॲपल तेव्हा सर्वांच्या पुढे होती. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले आणि सिरी किती मागे पडली हे जगाला दिसले. जून २०२४ मध्ये जाहीर केलेली सुधारित सिरी मार्च २०२५ मध्ये लांबणीवर टाकावी लागली. जानेवारी २०२६ मध्ये ॲपल आणि गुगल यांनी जाहीर केले की, ॲपलच्या पुढील कृत्रिम बुद्धिमत्तेचा पाया गुगलचे ‘जेमिनी’ हे तंत्रज्ञान असेल. स्वतःची चिप घडवणारी, मुख्य तंत्रज्ञान आपल्याच हाती असावे असा आग्रह धरणारी ही कंपनी या एका क्षेत्रात प्रतिस्पर्ध्याच्या दारी गेली.

दोन वियोगांचा धडा

दोन्ही कालखंड शेजारी ठेवले म्हणजे फरक स्पष्ट होतो. १९८५ मध्ये संस्थापक भांडून गेला, विचार सोबत घेऊन गेला आणि मागे ठेवली ती अंतर्गत कलहाने ग्रासलेली कंपनी. २०११ मध्ये तो गेला, तेव्हा कामाची पद्धत, तयार वारसदार आणि काही वर्षे पुरतील एवढी बीजे मागे ठेवून गेला. वारसदारानेही संस्थापकाची नक्कल करण्याचा मोह टाळला. यशाचे श्रेय या दोन्ही गोष्टींना आहे.

तथापि जॉब्स यांना संस्थेत उतरवता आली नाही अशीही एक गोष्ट होती : नफा देणारे काम स्वतःच्या हाताने मोडून अनोळखी वाटेला लागण्याचा अधिकार. शिस्त शिकवता येते, चांगल्या-वाईटाची पारख काही प्रमाणात शिकवता येते. हा अधिकार मात्र ज्याने कंपनी उभी केली त्याच्याकडे आपसूक असतो, आणि नेमून आलेल्या व्यवस्थापकाला तो प्रत्येक तिमाहीला भागधारकांकडून नव्याने मिळवावा लागतो. सिरीच्या बाबतीत चौदा वर्षे कमी पडला तो पैसा किंवा बुद्धी नव्हे, हा निर्धारच.

स्कली यांच्या काळात कंपनी चुकीच्या वाटेवर असल्याचे विक्रीच्या आकड्यांवरून आठ वर्षे कळले नव्हते. कुक यांच्या काळातील आकडे त्याहून कितीतरी भव्य आहेत आणि ते पोकळ नाहीत. परंतु आकडे नेहमी मागचे सांगतात. संस्थापकानंतर कंपनी टिकू शकते, एवढे ॲपलने निर्विवाद सिद्ध केले. आयफोनची जागा घेणारे यंत्र उद्या कोणी आणलेच, तर ते आणणारा हात ॲपलचाच असेल की नाही, यावर या दुसऱ्या वियोगाचा अंतिम हिशेब अवलंबून राहील.